बेवारस ठेवी

‘चांगल्या मालाला गिऱ्हाईक आपोआप मिळतं’ हे वाक्य प्रथम ज्याने उच्चारलं, त्याचा माल बहुधा आदल्याच दिवशी खपला असावा. ज्याचा माल तसाच पडून राहिला, त्याला वाक्यं सुचत नाहीत. त्याला गोदामाच्या भाड्याची काळजी असते. पण लग्न जमवणाऱ्या मावशीपासून बढती नाकारणाऱ्या साहेबापर्यंत जो तो हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडावर मारत असतो. मी कॉमर्सचा पदवीधर. मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा मारून मारून बी.कॉम. झालो, आणि तरीही सांगतो की हे वाक्य खोटं आहे. निदान एका क्षेत्रात तरी ते साफ खोटं आहे, आणि तेवढं मी पुराव्यानिशी दाखवणार आहे. ते क्षेत्र म्हणजे इंग्रजी रॉक आणि पॉप संगीत.

दचकू नका. मला ठाऊक आहे, आपल्याकडे चाळिशी उलटलेल्या माणसाने भीमसेनअण्णांची भैरवी किंवा गेला बाजार भावगीतं ऐकावीत असा संकेत आहे. बँकेतल्या कारकुनाने तर नक्कीच. कॅश काउंटरमागे बसणाऱ्या माणसाच्या कानात गिटार वाजतेय हे कळलं तर ठेवीदार घाबरून ठेवी काढून घेतील. म्हणून मी हा नाद घरी आणि लोकलमध्येच पुरवतो. भैरवी मीही ऐकतो. पण माणसाचा जसा एकाच बँकेत एकुलता एक खातेउतारा नसतो, तसा कानाचाही नसावा, इतकंच.

तर या विषयावर माझं आमच्या हेड कॅशियरसाहेबांशी कायमचं भांडण आहे. मी कुठल्याही बँडचं नाव घेतलं की ते चष्म्यावरून बघतात आणि एकच प्रश्न विचारतात, “किती खपली?” त्यांच्या मते संगीतात दोनच प्रकार. खपलेलं आणि न खपलेलं. खपलेलं चांगलं, न खपलेलं वाईट. बाकी सगळी मखलाशी. अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे त्याच्याच भाषेत घालायला हवा. म्हणून मी हिशेबाच्याच वह्या उघडतो.

खातं पहिलं. इंग्लंडमध्ये ‘द झॉम्बीज’ नावाचा पाच पोरांचा बँड होता. १९६४ साली पहिलंच गाणं गाजलं, मग उतरती कळा लागली. १९६७ मध्ये त्यांनी ठरवलं की मोडायचंच आहे तर मनासारखा एक अल्बम करून मोडू. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत गेले. बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’चं काम तिथं नुकतंच संपलं होतं, आणि जॉन लेनन तिथंच ठेवून गेलेला मेलोट्रॉन या मंडळींनी बिनदिक्कत वापरला. कंपनीने मंजूर केले होते हजार पौंड. ते संपले. मग कंपनी म्हणाली, स्टिरिओ प्रतही हवी. त्याचे दोनशे पौंड रॉड अर्जेंट आणि ख्रिस व्हाइट या दोघांनी स्वतःच्या खिशातून भरले. अल्बमचं नाव ‘ओडेसी अँड ओरॅकल’. त्यातही मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकाराने ‘ओडिसी’चं स्पेलिंग चुकवलं. आमच्याकडे असा चेक आला असता तर परत गेला असता.

अल्बम १९६८ च्या एप्रिलमध्ये बाहेर आला. बँड त्याआधीच, १९६७ च्या डिसेंबरात मोडला होता. इंग्लंडमध्ये कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि त्यांचा गायक कॉलिन ब्लनस्टोन, ज्याच्या आवाजाला धुक्याचा स्पर्श आहे असं मी म्हणेन, तो काय करत होता? तो एका विमा कंपनीच्या घरफोडी विभागात कारकून म्हणून लागला होता! वाचकहो, हे वाचलं तेव्हा माझ्यातला कारकून क्षणभर ताठ उभा राहिला. लंडनमध्ये कुणाच्या तरी घरातली चांदीची भांडी चोरीला जात होती आणि त्याचा कागद एक असा माणूस भरत होता, ज्याच्याकडून सगळ्या देशाने गाणी भरून घ्यायला हवी होती.

पुढे अ‍ॅल कूपर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने लंडनहून ही रेकॉर्ड घरी नेली, ऐकली आणि कंपनीच्या मागेच लागला. १९६९ साली त्यातलं ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. मागणी आली, पण पुरवठ्याला बँडच नव्हता! तेव्हा अमेरिकेतल्या काही हुशार लोकांनी भलतीच पोरं उभी करून त्यांनाच ‘झॉम्बीज’ म्हणून गावोगाव फिरवलं. बनावट सही, खोटा अंगठा, सगळा फौजदारी मामला. हेड कॅशियरसाहेब, सांगा आता. गाणं तेच, रेकॉर्ड तीच. १९६८ मध्ये वाईट आणि १९६९ मध्ये चांगली? मधल्या काळात तबकडीत काय बदललं? काहीच नाही. एका माणसाने दुसऱ्याला “अरे, हे ऐक” म्हटलं, एवढंच घडलं.

खातं दुसरं. न्यूयॉर्कचा ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’. त्यांचा पहिला अल्बम मार्च १९६७ मध्ये आला. मुखपृष्ठावर अँडी वॉरहॉलने काढलेलं केळं. केळं प्रसिद्ध झालं, गाणी नाही. अमेरिकेच्या खपाच्या यादीत हा अल्बम १७१ व्या क्रमांकापर्यंत जाऊन दमला. आमच्या शाखेच्या टोकनची आठवण करून देणारा आकडा आहे हा. पुढे १९८२ साली ब्रायन ईनो या संगीतकाराने एका मुलाखतीत अशा अर्थाचं म्हटलं की हा अल्बम पहिल्या पाच वर्षांत तीसेक हजारच खपला, पण ज्याने ज्याने घेतला त्याने त्याने स्वतःचा बँड काढला. आता मी पडलो बँकेतला, आकडा दिसला की मी ताळा करतो. नंतर उजेडात आलेल्या रॉयल्टीच्या कागदांवरून खप त्यापेक्षा बराच जास्त, पन्नास हजारांच्या वर होता असं दिसतं. चालेल. माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. लाखालाखांनी खपलेल्या त्या वर्षीच्या किती रेकॉर्डी आज अडगळीत आहेत!

कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला पतनिर्मिती नावाचा धडा असतो. बँकेत एक ठेव आली की तीवर कर्ज दिलं जातं, ते कर्ज दुसऱ्या बँकेत ठेव होतं, तीवर पुन्हा कर्ज. मूळ शंभर रुपये बाजारात कितीतरी पट होऊन फिरत राहतात. व्हेल्व्हेटचं तसं झालं. चेकोस्लोव्हाकियातले नाटककार वाक्लाव हावेल १९६८ साली न्यूयॉर्कला गेले होते, ते परतताना या बँडची रेकॉर्ड घेऊन आले. त्याच सुमाराला प्रागमध्ये ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा बँड निघाला. तो व्हेल्व्हेटची गाणी वाजवी. १९७६ साली तिथल्या कम्युनिस्ट सरकारने या पोरांना पकडून खटला भरला. त्या खटल्याच्या संतापातून ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचं पत्रक उभं राहिलं. आणि १९८९ च्या डिसेंबरात तेच हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. एका केळ्याने सरकार पाडलं असं मी म्हणणार नाही. सरकारं पडायला बरीच कारणं लागतात. पण १७१ व्या नंबरच्या टोकनवाला कुठवर पोचला, हे खपाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला हेड कॅशियरसाहेबांनी सांगावं.

आता तुम्हाला वाटेल की मी दुसऱ्या पार्टीचा आहे. मुळीच नाही. ती दुसरी पार्टी आमच्या घरातच आहे. आमचे धाकटे मेहुणे. यांचा नियम नेमका उलटा. खपलं नाही म्हणून चांगलं! जे गाणं चारचौघांना ठाऊक झालं, ते त्यांच्या दृष्टीने त्याच दिवशी बाटलं. एखाद्या बँडचं नाव घेतल्यावर आपण “वा, मलाही आवडतो” म्हणालो की त्यांचा चेहरा कडू कारल्यासारखा होतो. “त्यांचं जुनं काम ऐका, नवं बाजारू आहे,” असं सांगून ते उठतात. हा रसिकपणा नाही, हा लॉकर आहे. किल्ली एकट्याकडे हवी, आत काय आहे ते महत्त्वाचं नाही.

अशा लोकांचा लाडका कलावंत म्हणजे निक ड्रेक. जन्म १९४८, रंगून. वडील ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’मध्ये इंजिनियर, म्हणजे आपल्या मुंबईच्या नावाचा एक धागा त्याच्या घरात होता. पुढे कुटुंब इंग्लंडात परतलं. पोरगा लाजाळू, उंच, गिटार वाजवण्यात असा तयार की एकटा वाजवतोय हे पटत नाही. १९६९ ते १९७२ मध्ये तीन अल्बम काढले. तिन्ही दुकानांत पडून राहिले. लोकांसमोर वाजवणं त्याला झेपेना, मुलाखती देईना. शेवटचा ‘पिंक मून’ त्याने दोन रात्रींत रेकॉर्ड केला. तो, त्याची गिटार आणि एका गाण्यात थोडा पियानो. संपलं. १९७४ च्या नोव्हेंबरात वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला.

आणि मग पंचवीस वर्षांनी, १९९९ च्या अखेरीस, फोक्सवॅगनच्या मोटारीच्या जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं. चांदण्या रात्री चार पोरं उघड्या गाडीतून जाताहेत, बस. अमेरिकेत त्या अल्बमचा खप एकदम उसळला. लॉकरवाले चिडले. गाण्याचा अपमान झाला म्हणाले. का हो? गाणं ऐकलं गेल्याने अपमान होतो आणि पंचवीस वर्षं न ऐकलं गेल्याने मान राहतो, हा कुठला न्याय? मला त्या जाहिरातीबद्दल तक्रार एकच आहे. ती पंचवीस वर्षं उशिरा लागली. मृताच्या खात्यावर व्याज चढतं हे बँकेच्या नियमाला धरून आहे, पण ते काढायला तो येत नाही.

इथे हेड कॅशियरसाहेब हसून म्हणतात, “बघा, शेवटी चांगलं वर आलंच ना! मग तक्रार कसली?” हाच तो डाव, मंडळी. इथेच सगळे फसतात. म्हणून तिसरी वही उघडतो.

अमेरिकेतल्या मेम्फिस गावी ‘बिग स्टार’ नावाचा बँड होता. त्याचा गायक अ‍ॅलेक्स चिल्टन याने सोळाव्या वर्षी दुसऱ्या एका बँडमधून अमेरिकेतलं पहिल्या नंबरचं गाणं दिलं होतं. म्हणजे माणूस नवखा नव्हे. १९७२ साली त्यांचा पहिला अल्बम आला. नावच ‘नंबर वन रेकॉर्ड’! समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. पण वितरणाचा असा बोजवारा उडाला की लोक दुकानात जाऊन मागत आणि दुकानदार म्हणे, माल नाही. आता बोला! इथं मागणी होती, माल उत्तम होता, आणि तरी सौदा झाला नाही. मधला टेम्पोच आला नाही. चिल्टनचा जोडीदार ख्रिस बेल १९७८ मध्ये मोटार अपघातात सत्ताविसाव्या वर्षी गेला. चिल्टनने पुढे न्यू ऑर्लिन्सला हॉटेलात भांडी घासली. त्यांच्या रेकॉर्डी ऐकून शिकलेल्या ‘आर.ई.एम.’सारख्या बँडांनी नंतर मैदानं भरवली. चांगल्या मालाला गिऱ्हाईक आपोआप मिळतं म्हणे!

आणि काही खात्यांत तर जमा झालेली रक्कम दुसऱ्याच्याच नावावर पडते. सिस्टर रोझेटा थार्प. अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई, चर्चमध्ये देवाची गाणी म्हणणारी, आणि हातात इलेक्ट्रिक गिटार! आपल्याकडे एखाद्या कीर्तनकार बाईंनी वीणेऐवजी गिटार घेऊन बुवालोकांना पळवून लावावं, तसा प्रकार. १९४४ साली तिने रेकॉर्ड केलेल्या गाण्यात पुढच्या रॉक अँड रोलची सगळी बाराखडी आहे. तेव्हा एल्व्हिस प्रेस्ली नऊ-दहा वर्षांचा होता. लिटल रिचर्ड नावाच्या पोरसवदा गायकाला १९४७ मध्ये तिनेच आपल्या कार्यक्रमात गायला उभं केलं. १९६४ साली मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या स्टेशनच्या फलाटावर, पावसाळी हवेत, अंगात जाड कोट घालून ती अशी काही वाजवते की ते चित्रीकरण बघताना आमच्या सौभाग्यवतीही भाजी निवडायची थांबल्या. ही बाई १९७३ मध्ये वारली. पस्तीसेक वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये एल्व्हिसला पहिल्याच तुकडीत, १९८६ साली घेतलं. तिला घेतलं २०१८ मध्ये. आमच्याकडे एखाद्याचे पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडले तर आठवड्यात चौकशी लागते आणि कारकुनाच्या पगारातून वसूल होतात.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सुटका करून घेऊ नका. आपल्या मुंबईतही एक खातं होतं. चरणजितसिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेले वादक. ज्यांची नावं पडद्यावर येत नाहीत, त्यांच्यातले. सिंगापूरहून त्यांनी नवी जपानी यंत्रं आणली. त्यातलं एक टीबी-३०३. गिटारवाल्यांना साथ करायला काढलेलं, पण कुणी घेईना म्हणून कंपनीने १९८४ मध्ये बंदच केलेलं. चरणजितसिंगांनी त्यावर भैरव, ललत, यमन असे आपले राग बसवले, खाली डिस्कोचा ठेका लावला आणि १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. शास्त्रीयवाले म्हणणार हा डिस्को, डिस्कोवाले म्हणणार हे शास्त्रीय. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी त्याच जातीच्या यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जगाला दिला. त्यांनी चरणजितसिंगांचं ऐकलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो, उगाच ‘सगळं आपल्याकडेच होतं’ म्हणून छाती फुगवू नये. पण होतं खरं, आणि ते आपल्या नाकाखाली होतं. ती रेकॉर्ड शोधून २०१० साली पुन्हा काढली कुणी? एका डच माणसाने! त्यानंतर उतारवयात चरणजितसिंग युरोपच्या रंगमंचांवर जाऊन वाजवून आले. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या बाबतीत चेक हयातीत वटला. पण वटवणारा परका होता.

आता मूळ मुद्दा. ‘शेवटी चांगलं वर येतंच’ असं म्हणणारे फक्त वर आलेल्यांचीच उदाहरणं देतात. झॉम्बीज वर आले, निक ड्रेक वर आला, चरणजितसिंग वर आले. अहो, वर आले म्हणूनच तर आपल्याला नावं माहीत! जे आले नाहीत त्यांची यादी कोण देणार? विहिरीतून वर आलेले पोहरे मोजून ‘दोर कधी तुटत नाही’ म्हणण्यासारखं आहे हे. अ‍ॅल कूपरने ती रेकॉर्ड घरी नेली नसती तर? त्या डच माणसाच्या हाती ती तबकडी लागलीच नसती तर? या प्रत्येक खात्यात एक कुणीतरी माणूस आहे, ज्याने ऐकलं आणि गप्प बसला नाही. ‘आपोआप’ या शब्दाला माझा विरोध आहे तो यासाठी. जगात आपोआप फक्त धूळ साचते.

बँकेच्या व्यवहारात निदान दया आहे. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ती बेवारस ठेव २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते, पण बुडत नाही. वारस कागद घेऊन आला तर मिळते. २०२३ पासून तर शोधायला ‘उद्गम’ नावाची सोयही आहे. न ऐकलेल्या गाण्यांसाठी असा निधी नाही. मूळ फीत कुजली, कंपनी बुडाली, वादक गेला, की ठेव बुडाली. वारस कोण? तुम्ही, मी, आमचे मेहुणे आणि नाइलाजाने हेड कॅशियरसाहेबसुद्धा.

“वेळ कुठे आहे?” हे ठरलेलं उत्तर मला देऊ नका. ‘पिंक मून’ हा अख्खा अल्बम अठ्ठावीस मिनिटांचा आहे. पासबुक भरून घ्यायला याहून जास्त वेळ लागतो, आणि त्यात ऐकण्यासारखं काही नसतं. महिन्यातून एक अनोळखी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. नाही आवडला तर सोडून द्या. न खपलेलं सगळंच सोनं नसतं, पुष्कळदा ते रास्त कारणानेच न खपलेलं असतं. पण आवडला तर वाजवणाऱ्यांची नावं वाचा, शक्य असेल तर चार पैसे मोजून घ्या, आणि मुख्य म्हणजे लॉकरमध्ये ठेवू नका. दुसऱ्याला सांगा. आणि गाणारा तुमच्याच गावातला असेल, एखाद्या कोपऱ्यातल्या हॉलमध्ये तीस खुर्च्यांसमोर जीव तोडून स्वतःची गाणी म्हणत असेल, तर जाऊन त्यालाच सांगा.

कारण दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायला. नव्वदीचे आजोबा नातवाचा हात धरून येतात आणि आपण जिवंत असल्याचं सही करून सांगतात, तेव्हा कुठे पेन्शन चालू राहतं. कलावंताला मात्र आपला हयातीचा दाखला स्वतः देता येत नाही. तो ऐकणाऱ्याने द्यायचा असतो. आणि तो देण्याची मुदत, गिऱ्हाईकहो, नियमाप्रमाणे तो हयात आहे तोवरच.